मापात पाप नको म्हणून

आपल्या बोलण्यात वजनमापं किती आत जाऊन बसली आहेत बघा. एखादी गोष्ट पूर्ण खरी असेल तर ती ‘सोळा आणे’ खरी. वरचढ माणूस भेटला की ‘शेरास सव्वाशेर’. किंमत नसलेली गोष्ट ‘पासंगालाही पुरत नाही’. अक्कल गुंजभर असते आणि गप्पा खंडीभर. ‘नवटाक’ म्हटलं की काही मंडळींच्या चेहऱ्यावर वेगळंच हसू येतं, ते सोडून द्या. यातलं एकही माप आज कायद्यानं चालत नाही. आणा गेला, शेर गेला, मण गेला. सराफाच्या दुकानात तोळा अजून ऐकू येतो, पण तोही आता दहा ग्रॅमचा झाला आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. नाव तेच ठेवून दीड ग्रॅमहून अधिक सोनं कमी झालं आणि कुणी हूं की चूं केलं नाही!

माझ्या दादीला किलो शेवटपर्यंत मान्य नव्हता. धान्य मोजायचं ते पायलीनं. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. हे सगळं तिच्या जिभेवर होतं. खळ्यावर मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे. आमच्यातले काही जण ‘बरकत’ म्हणत. पुढचं मोजणं मात्र सगळ्यांचं सारखंच, ‘दोन, तीन, चार’. पण पलीकडच्या तालुक्यात गेलं की पायली बदलायची. काही ठिकाणी बारा पायल्यांचा मण, काही ठिकाणी सोळा पायल्यांचा. इंग्रजांच्या काळात मोठ्या व्यापाराचीही हीच तऱ्हा होती. मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून जास्त. म्हणजे तारेत ‘शंभर मण पाठवा’ एवढंच लिहिलं तर माल किती यायचा, ते माल कुठून निघतो त्यावर ठरायचं.

या गोंधळात नुकसान कुणाचं होतं? मोठा व्यापारी हुशार असतो, त्याला सगळे मण पाठ असतात. बुडतो तो वर्षातून एकदा बाजारात येणारा. म्हणूनच मापात पाप करणाऱ्याचा राग जुन्या माणसांना फार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा एक स्वतंत्र अधिकारी आहे, पौतवाध्यक्ष. वजनं लोखंडाची किंवा मगध आणि मेकल इथल्या दगडाची असावीत, अशा पदार्थाची असावीत की जो भिजून किंवा तापून कमीजास्त होणार नाही, असं तिथं सांगितलं आहे. कुराणातल्या एका सूरहचं नावच माप कमी देणाऱ्यांवरून पडलं आहे, ‘अल्-मुतफ्फिफीन’. घेताना भरून घेणारे आणि देताना हात आखडणारे, अशा लोकांची तिथं चांगली हजेरी घेतली आहे. आमच्या तुकोबांचं तर घरच वाण्याचं. तराजू काय असतो आणि काय करू शकतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण पाप पकडायचं तर पुण्य कुठेतरी ठेवलेलं पाहिजे. माझा किलो खोटा आहे हे ठरवायला एक खरा किलो हवा. तो कुठे असतो? आपल्या देशात तो दिल्लीत पुसा भागातल्या टेकडीवर, राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत असतो. आज मला या प्रयोगशाळेविषयी सांगायचं आहे. मी कविता लिहिणारा माणूस, कला शाखेचा पदवीधर. भौतिकशास्त्र दहावीत सोडलं ते सोडलंच. पण सरकारच्या पैशानं चालणारी प्रयोगशाळा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अग्निबाण किंवा अणुभट्टी येते, आणि त्या गर्दीत ही शांत संस्था दिसतच नाही, याचं मला वाईट वाटत आलं आहे.

दुसरं महायुद्ध चालू असताना, २६ सप्टेंबर १९४२ रोजी, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे कर्ते शांतिस्वरूप भटनागर. मोठे रसायनशास्त्रज्ञ आणि उर्दूतले कवीही. ‘लाजवंती’ नावाचा त्यांचा कवितासंग्रह आहे. लाजवंती हे त्यांच्या दिवंगत पत्नीचं नाव. या गृहस्थांनी एका तेल कंपनीची अडचण सोडवली होती. विहीर खोदताना वापरायचा चिखल खाऱ्या पाण्यामुळे घट्ट होऊन बसत होता. भटनागरांनी त्यात आपल्याकडचा डिंक मिसळून तो पातळ ठेवला. कंपनीनं खूश होऊन दीड लाख रुपये देऊ केले, तेव्हा त्यांनी ते स्वतः न घेता विद्यापीठातल्या संशोधनासाठी द्यायला लावले. राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभी करायचं काम या माणसाकडे आलं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्याच साखळीतली. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं.

दिल्लीच्या भौतिक प्रयोगशाळेची कोनशिला नेहरूंनी बसवली ती तारीख आहे ४ जानेवारी १९४७. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता, फाळणीच्या वणव्याच्या ठिणग्या उडू लागल्या होत्या, आणि इकडे मापं ठेवायच्या घराचा पाया घातला जात होता. उद्घाटन सरदार पटेलांनी केलं, २१ जानेवारी १९५० रोजी. पाच दिवसांनी देश प्रजासत्ताक झाला. पहिले संचालक होते के. एस. कृष्णन. १९२८ साली रामन परिणामाचा शोध लागला तेव्हा सर सी. व्ही. रामन यांच्या बरोबरीनं काम करणारे ते हेच. नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. कृष्णन संस्कृत आणि तमिळ साहित्यात रमणारे होते. १९६१ साली निधन होईपर्यंत ते या प्रयोगशाळेचे संचालक होते.

आता त्या खऱ्या किलोकडे येऊ. पॅरिसजवळ सेव्र या गावी प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक ठोकळा काचेच्या घंटांखाली ठेवलेला आहे. उंची आणि व्यास दोन्ही सुमारे ३९ मिलिमीटर, म्हणजे मुठीत सहज मावेल एवढा. १८८९ पासून तो ठोकळा म्हणजेच किलो. त्याच्या हुबेहूब प्रती काढून देशोदेशी वाटल्या गेल्या. भारत १९५७ साली मीटरच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि आपल्या वाट्याला प्रत क्रमांक ५७ आली. तिला हात लावायचा नाही, चिमट्यानं उचलायची. बोटाच्या घामानंही तिचं वजन बदलेल. मधूनमधून तिला पॅरिसला नेऊन मूळ ठोकळ्याशी ताडून बघायचं, की बाई, तुझ्यात काही फरक तर पडला नाही ना.

हे सगळं कशासाठी, तर १९५६ साली संसदेनं वजनमापांचा कायदा करून मेट्रिक पद्धत आणली होती. आधी नाणी बदलली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. आता पाव पैसा कुणी कुणाला सोडायचा, यावरून काय वाद झाले असतील याची कल्पना करा. १९५८ च्या ऑक्टोबरपासून वजनं टप्प्याटप्प्यानं बदलत गेली आणि १९६२ च्या एप्रिलपर्यंत व्यापारात किलोची सक्ती झाली. निरक्षर माणसांची संख्या एवढी मोठी असलेल्या देशानं पाच-सहा वर्षांत हे केलं. इंग्लंडमध्ये पिंट आणि मैल अजून आहेत. अमेरिकेनं तर पौंड सोडलेलाच नाही.

क्रमांक ५७ ची प्रत काही बाजारात येत नाही. तिच्यावरून प्रयोगशाळेतली दुसरी वजनं तपासली जातात. त्यांवरून अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद, गुवाहाटी अशा ठिकाणच्या प्रादेशिक प्रयोगशाळांमधली, मग राज्यांची, मग तालुक्यात फिरणाऱ्या निरीक्षकाच्या पेटीतली, आणि शेवटी आपल्या किराणा दुकानदाराची. राज्यांना लागणारी प्रमाण वजनं बनवण्याचं काम मुंबईची टाकसाळ करत आली आहे. लोखंडी वजन उलटं करून पाहिलंत तर खाली एक भोक असतं आणि त्यात शिसं भरलेलं असतं. वजन किंचित कमी-जास्त असेल तर तिथं जुळवायचं आणि त्या मऊ शिशावर निरीक्षकानं शिक्का मारायचा. आता काटे इलेक्ट्रॉनिक झाले, शिक्क्याची जागा बदलली, साखळी तीच आहे. ही साखळी एके ठिकाणी तुटली तर काय होतं हे आपल्या ऊस उत्पादकाला विचारा. गाडी काट्यावर चढते, आकडा उमटतो, आणि तो आकडा खरा की खोटा हे ठरवायला शेतकऱ्याकडे काहीच नसतं. ‘काटामारी’ हा शब्द उगाच रूढ झालेला नाही. त्यावर आंदोलनं झाली, तपासणीची पथकं नेमली गेली. ती पथकं जे प्रमाण वजन घेऊन काट्यावर चढतात, त्याची वंशावळ त्या मुठीएवढ्या ठोकळ्यापर्यंत पोचते.

आणि गंमत म्हणजे तो सेव्रचा ठोकळाही शंभर टक्के इमानदार निघाला नाही. शंभर वर्षांत तो आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला, म्हणजे बारीक वाळूच्या कणाएवढा. ठोकळा हलका झाला की प्रती जड झाल्या, हे सांगायला तिसरं काही नव्हतं, कारण ठोकळा म्हणजेच किलो! शेवटी २० मे २०१९ पासून जगानं ठोकळ्याला निवृत्त केलं आणि किलो हा प्लांक नावाच्या स्थिरांकाला बांधला. तो स्थिरांक कुणाच्या तिजोरीत नाही. कौटिल्याला हवा होता तसा, न भिजणारा, न तापणारा.

वजनाचं झालं, आता वेळेचं. रेडिओवर बोलताना हा विषय टाळताच येत नाही. बातम्यांआधीची ती टिकटिक ऐकून मनगटी घड्याळ लावणारी पिढी आमची. पण मुंबईला ही एकच वेळ सहजासहजी पटलेली नव्हती. मुंबईचा सूर्य भारतीय प्रमाण वेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे चालतो. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी शहरावर मद्रासची वेळ लादायचा प्रयत्न केला. लोकांनी एवढा विरोध केला की शेवटी तो हुकूम मागे घ्यावा लागला. १९०६ च्या जानेवारीपासून देशासाठी प्रमाण वेळ आली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. तेव्हाही गिरणीकामगारांनी निषेध केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. घड्याळाचा काटा सरकवून तुम्ही आम्हाला ३९ मिनिटं आधी अंथरुणातून ओढताय. मला त्यांचं म्हणणं आजही पटतं. ज्याच्या हातात घड्याळ, त्याच्या हातात मजुराचा दिवस. शहरात मग दोन-दोन वेळा चालत राहिल्या, रेल्वेची एक आणि गावाची एक. ‘बॉम्बे टाइम’ पार १९५५ च्या सुमारास संपला. अजान आजही सूर्याच्या वेळेनं होते, मुंबईत मगरिब नागपूरपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं उशिरा. पण गाडी, शाळा, कचेरी या सगळ्यांचं घड्याळ एक.

हे एकच घड्याळ ठेवण्याचं काम दिल्लीच्या त्याच प्रयोगशाळेकडे आहे. १९५९ पासून तिनं रेडिओ लहरींवरून वेळेचे संकेत प्रसारित केले, पुढे उपग्रहावरून आणि दूरध्वनीवरून. तिथली घड्याळं सीझियमच्या अणूंवर चालतात. सीझियमचा अणू ज्या विशिष्ट लहरी सोडतो किंवा शोषतो, त्यांची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद, अशी व्याख्या जगानं १९६७ साली केली. भारतीय प्रमाण वेळ ठेवण्यातली चूक सेकंदाच्या काही अब्जांश भागांत मोजली जाते. एवढं काटेकोरपण कुणाला हवं, असं मलाही वाटे. पण एका अब्जांश सेकंदात प्रकाश एक फूटभर जातो. उपग्रहावरून जागा शोधणारं यंत्र वेळेवरच चालतं. सेकंदाचा लाखावा भाग चुकला तर पत्ता तीन किलोमीटरनं चुकेल. फोनचे मनोरे, विजेचं जाळं, बँकांचे व्यवहार सगळं घड्याळाला बांधलेलं आहे. २०२२ साली सरकारनं संगणक सेवा देणाऱ्यांना सांगितलं की तुमची घड्याळं या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळवा.

आणि गिरणीकामगारांचा तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहिलाच, या वेळी ईशान्येकडून. आसामात सूर्य इतका लवकर उगवतो की चहाचे मळे तासभर पुढची ‘बागान’ वेळ पाळतात. २०१८ साली याच प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी वेगळी वेळ करणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे असा शोधनिबंध लिहिला. सरकारनं ते मान्य केलं नाही. पण ज्यांच्याकडे एकच वेळ सांभाळायचं काम आहे त्यांनीच दुसऱ्या वेळेची बाजू मांडावी, हे मला फार आवडलं.

आता जी गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या बोटावर येऊन गेली आहे, तिच्याविषयी. मतदानाची शाई.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते. त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि ओळखपत्र हा प्रकारच नव्हता. एकाच माणसानं दोनदा मत देऊ नये म्हणून काय करायचं? परिषदेच्या शास्त्रज्ञांनी न पुसली जाणारी शाई तयार केली. त्या निवडणुकीत तिच्या ३,८९,८१६ कुप्या वापरल्या गेल्या. शाईचं मर्म सिल्व्हर नायट्रेट, चांदीचा क्षार. कातडीवरच्या मिठाशी तो संयोग पावतो आणि जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही. उन्हात गेलं की आणखी काळं पडतं. साबण, तेल, लिंबू काहीही लावा. कातडी झडेपर्यंत आणि नख वाढेपर्यंत डाग राहतो. आमच्या घरातल्या बायका म्हणायच्या, ही सरकारची मेंदी.

या शाईच्या सुरुवातीच्या कामाचं श्रेय ज्यांना दिलं जातं त्यांचं नाव सलीमुझ्झमान सिद्दीकी. लखनौजवळच्या बाराबंकी भागातले. अलीगढला फारसी आणि तत्त्वज्ञान शिकले, मग जर्मनीत फ्रँकफर्टला जाऊन रसायनशास्त्रात डॉक्टर झाले. चित्रं काढायचे. दिल्लीला हकीम अजमल खान यांच्या तिब्बिया कॉलेजात त्यांनी संशोधन सुरू केलं. आपली सर्पगंधा ही वनस्पती घेतली आणि १९३१ साली तिच्यातून औषधी द्रव्य वेगळं काढलं. त्याला नाव दिलं ‘अजमलीन’, हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ. हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या संदर्भात डॉक्टर मंडळींना ते नाव आजही ठाऊक आहे. कडुनिंबातली कडू द्रव्यं पहिल्यांदा वेगळी करणारेही तेच, १९४२ साली. आपण दातवण म्हणून चघळतो त्या काडीत नेमकं काय आहे, हे या माणसानं बाटलीत काढून दाखवलं. १९४० पासून ते भटनागरांच्या बरोबर होते. फाळणी झाली तेव्हा ते गेले नाहीत. चार वर्षं इथंच राहून काम करत राहिले. मग लियाकत अली खान यांच्या निमंत्रणावरून १९५१ साली पाकिस्तानात गेले आणि तिथं जाऊन त्यांनी भारतातल्यासारखीच संशोधन परिषद उभी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस इथं मतदान सुरू झालं आणि शाई लोकांच्या बोटांवर चढू लागली. पाकिस्तानात सर्वांनी मिळून मत देण्याची पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला १९७० चा डिसेंबर उजाडला. सिद्दीकी ९६ वर्षांचे होऊन १९९४ साली कराचीत वारले.

या गोष्टीचं काय करावं हे मला नीट कळत नाही. कुणी का गेलं आणि कुणी का राहिलं, याचा हिशेब आमच्या घराघरात अजून मिटलेला नाही, आणि मी तो मांडायलाही बसलेलो नाही. एवढंच म्हणतो की मतदान केंद्राबाहेर डावी तर्जनी उंचावून फोटो काढणाऱ्या पोरांना हे नाव माहीत असायला हरकत नाही.

पुढे १९६२ च्या निवडणुकीपासून राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं ठरवलेल्या सूत्राप्रमाणे म्हैसूरच्या कारखान्यात ही शाई बनू लागली. म्हैसूरच्या महाराजांनी १९३७ साली काढलेला, नंतर सरकारी झालेला तो लाख आणि रंगांचा कारखाना. सूत्र आजही गुप्त आहे. पंचवीसहून अधिक देशांनी ही शाई आपल्याकडून घेतली. जिथं लोक आजही रांगेत उभे राहून मत देतात, तिथं कोट्यधीशाच्या बोटाला आणि मोलकरणीच्या बोटाला तेवढाच थेंब लागतो. हेही एक मापच आहे. माणशी एक.

जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मात्र भातशेताची आहे. १९९० च्या आसपास जगात तापमानवाढीची चर्चा सुरू झाली. पाणी साचलेल्या भातखाचरातून मिथेन वायू निघतो आणि तो हवा तापवतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजानुसार भारतातली भातशेती वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख टन मिथेन हवेत सोडत होती. हा आकडा युरोप-अमेरिकेतल्या शेतांच्या मोजणीवरून काढला होता. म्हणजे जगाच्या तापाला आपला धोतरातला शेतकरीही जबाबदार! याच प्रयोगशाळेतले वातावरणशास्त्रज्ञ ए. पी. मित्रा यांनी ठरवलं की आपण स्वतः मोजू. १९९१ साली वेगवेगळ्या राज्यांतल्या भातखाचरांत पारदर्शक पेट्या ठेवून वायूचे नमुने गोळा केले गेले. आपली बरीच शेतं सगळा हंगाम तुंबलेली नसतात. बऱ्याच मातीत सेंद्रिय अंश कमी असतो. मोजणीतून आकडा आला तो सुमारे ४० लाख टनांचा, म्हणजे परक्या अंदाजाच्या नवव्या-दहाव्या हिश्श्याएवढा.

समजा तेव्हा आपल्याकडे ही प्रयोगशाळा नसती, किंवा असूनही तिची मोजणी जगानं मानावी एवढी तिची पत नसती, तर? कुठल्यातरी परिषदेत तो ३ कोटी ८० लाखांचा आकडा आपल्या कपाळी चिकटला असता आणि त्याच्या हिशेबानं भात पिकवणाऱ्यावर बंधनं आली असती. माझ्या दादीच्या बाजारात जे एका बाईचं व्हायचं, तेच इथं सबंध देशाचं झालं असतं.

म्हणून २०१५ साली, परिषदेच्या प्रयोगशाळांनी दोन वर्षांत निम्मा खर्च स्वतः कमवावा असं डेहराडूनला ठरलं, तेव्हा मला जरा धसका बसला. औषध शोधणारी प्रयोगशाळा कारखान्याला काही विकू शकेल. शाईच्या सूत्राचेही पैसे येतात. यंत्रं तपासून देण्याची फी घेता येते आणि घेतात. पण खरा किलो जपून ठेवण्याचे पैसे कुणाकडून मागायचे? भातशेतात पेट्या ठेवण्याची बिलं कुठल्या कंपनीच्या नावानं फाडायची? ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याचंच माप तपासायचं असेल तर निरीक्षकाची काय अवस्था होते, हे आपण तालुक्याच्या बाजारात पाहिलेलं आहे. अशा कामाचा खर्च सरकारनंच उचलायचा असतो, आणि सरकारनं म्हणजे तुम्ही-आम्हीच.

सराफाचं दुकान आठवा. मुलीच्या लग्नासाठी माणूस आयुष्याची कमाई घेऊन तिथं जातो. सोनं किती नंबरी आहे हे तो दुकानदाराच्या तोंडाकडे बघूनच ठरवत आला. या प्रयोगशाळेनं, मुंबईच्या टाकसाळीनं आणि भाभा अणुसंशोधन केंद्रानं मिळून शुद्ध सोन्याचं एक प्रमाण तयार केलं, दहा हजारांत ९,९९९ भाग सोनं. ज्या यंत्रांवर दागिन्याचा कस बघतात ती यंत्रं आता या देशी प्रमाणाशी ताडून बघता येतात. २०२१ पासून हॉलमार्कची सक्तीही टप्प्याटप्प्यानं आली.

४ जानेवारी २०२१ रोजी, म्हणजे कोनशिलेच्या त्याच तारखेला, प्रयोगशाळेच्या आवारात आणखी एक पाया घातला गेला, राष्ट्रीय पर्यावरण मानक प्रयोगशाळेचा. आपल्या शहरांत चौकाचौकात हवेचा दर्जा दाखवणारी यंत्रं लागली आहेत. त्यांतली कितीतरी बाहेरून आलेली, थंड आणि स्वच्छ देशांत तपासलेली. इथला उन्हाळा, इथली धूळ, पावसाळ्यातला मुंबईचा दमटपणा यांत ती खरं बोलतात का, हे तपासण्याचं काम तिच्यासाठी ठरवलेलं. दम्याचं पोर कडेवर घेतलेली आई त्या चौकातून जाते, तेव्हा वर पाटीवर एक आकडा लुकलुकत असतो.